धाकलीचा कासरा

दयाराम घरतच्या अंगणात तीन ट्रॅक्टर आहेत. ट्रॅक्टर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही उभं राहिलं असेल, ते आधी निम्मं करा. मग त्याला एकदा उकळत्या पाण्यात आटवा. हे बागेतले ट्रॅक्टर. किहीमच्या बंगल्यांत राहणाऱ्या जुन्या मुंबईकर मंडळींनी हिरवळ कापायला आणि वाळकी झावळं ओढायला कोणे एके काळी बोटीने मागवलेले. उंची अशी की गावातला बोकड समोर येऊन उभा राहिला तर दोघांची नजरानजर होते, आणि बहुतेक वेळा बोकड नजर वळवत नाही.

तिघींची नावं थोरली, मधली आणि धाकली. थोरली चालते, पण जागची हलत नाही. तिच्या चाकाला पट्टा लावून दयाराम विहिरीचं पाणी उपसतो. मधलीने अवयवदान केलेलं आहे. आणि धाकली म्हणजे धाकली.

"तीन-तीन सवती आणून ठेवल्यान माझ्या उरावर," असं त्याची बायको जनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. "बरं, एक तरी घरकामाला उपयोगी पडंल म्हनाल, तर तेवढंबी न्हाय."

दयारामने उमेदीची वर्षं बैलांच्या मागे काढली. बैल गेल्यावर होड्यांची इंजिनं उघडायला शिकला, आणि एकदा उघडायला शिकल्यावर थांबणं त्याला जमलं नाही. गावातला पंप, भातगिरणी, पिठाची चक्की, देवळातला लाऊडस्पीकर, सगळ्यांची पोटं त्याने पाहिलेली आहेत. काहींची परत शिवलीसुद्धा आहेत. नम्रता हा गुण त्याच्यात औषधालाही सापडायचा नाही. नीट झालेलं यंत्र तो ओट्यावर ठेवून शेजाऱ्यांना हाका मारतो. न झालेल्या यंत्राचा विषय निघाला तर त्याला ऐकू कमी येतं.

धाकली त्याला एका रिकाम्या बंगल्याच्या मागच्या अंगाला माडाखाली सापडली. तिथल्या विहिरीचा पंप त्याने दुरुस्त करून दिला, आणि काय द्यायचं असं विचारल्यावर त्या गंजलेल्या गाठोड्याकडे बोट दाखवलं. पण बॉनेटखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती. दयाराम तसाच माघारी आला. पिल्लं बाहेर पडेपर्यंत रोज सायकलवरून जाऊन तो बघून यायचा. ज्या माणसाने आयुष्यात कुठल्या नट-बोल्टला दोन मिनिटं धीर धरून हात लावला नाही, त्याने एका परक्या कोंबडीसाठी एवढी कळ काढली, हे मला त्याच्या सगळ्या कारागिरीपेक्षा मोठं वाटत आलं आहे. जनीचं मत वेगळं होतं. "कोंबडी आनायची अन् मशीन ठेवायची तिथंच," ती म्हणाली.

धाकलीच्या नावाची पाटी कधीच गळून पडलेली. त्यामुळे तिचा देश कोणता हे दयारामच्या मनःस्थितीवर ठरतं. एका हाकेत सुरू झाली तर ती जर्मनीची. हँडल मारून खांदा दुखला तर जपानची. अजिबातच ऐकलं नाही तर, "ह्या चायनाच्या मालाचं असंच असतं."

दोन वर्षं तो तिच्यामागे होता. कार्बोरेटर स्कूटरचा बसला. पट्टा भातगिरणीचा. जमीन उकरायचे मागचे फण जीपच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून ठोकून काढले. मूळ आसन उंदरांनी खाल्लेलं, म्हणून पोयनाडच्या न्हाव्याने टाकलेली खुर्ची वर चढवली, मान टेकवायच्या उशीसकट. रंग होडीचा उरलेला होता, तो संपेपर्यंत लावला. त्यामुळे धाकली समोरून ट्रॅक्टर, मागून होडी आणि वरून सलून दिसते. गावात पॉवर टिलर भाड्याने देणारा भागोजी तिला पहिल्यांदा बघायला आला, खुर्चीवर बसला, मान मागे टाकली आणि म्हणाला, "दादूस, नुसती दाढी कर. मिशीला हात लावू नको."

दसऱ्याला गाडी बाहेर काढायचं ठरलं. झेंडूच्या माळा, नारळ, हळदकुंकू, सगळं यथासांग झालं. धाकली पहिल्या हाकेत सुरू झाली, म्हणजे त्या दिवशी ती जर्मनीची होती. दयाराम पांढरा सदरा घालून न्हाव्याच्या खुर्चीत बसला आणि देवळाला वळसा घालून गावदेवीच्या तळ्याकडे निघाला. उतार लागला. धाकलीने वेग घेतला. तिला थांबवायची सोय डाव्या पायाखाली होती. एकच पेडल, दाबलं की इंजिन चाकांपासून सुटतं आणि ब्रेकही लागतो. ते पेडल दयारामनेच बसवलेलं होतं, त्यानेच त्याला तेल घातलं होतं. पण तळं समोर आलं तसा त्याच्या आतला तीस वर्षांपूर्वीचा नांगऱ्या जागा झाला. दोन्ही हात छातीशी ओढून, मागे रेलून तो ओरडायला लागला, "होऽ, होऽ रं, हो हो हो."

बैल असता तर थांबला असता. धाकली पाण्यात शिरली. बदकं उडाली. झेंडूची फुलं तळ्यावर पसरली आणि त्यांच्या मधोमध, कंबरभर पाण्यात, मान टेकवायच्या उशीला डोकं टेकवून दयाराम शांत बसून राहिला.

जनी काठावर होती. घरी गेल्यावर ती एकच वाक्य बोलली, "माझ्या कांद्याच्या तुकड्यात ह्या मशीनचं चाक पडता कामा न्हाय."

आता कांद्याचं सांगायला हवं. घरतांची बाकीची जमीन खाडीकडची, खारी. तिथे भात होतो, दुसरं काही नाही. गोडी अशी एकच जागा, ओहोळाच्या काठचा जनीचा तुकडा. भात कापून झालं की तिथे ती पांढरा कांदा लावते. बी तिच्या सासूचं, सासूला तिच्या सासूचं. दरवर्षी निवडक कांदे राखायचे, ते लावून फुलं घ्यायची, फुलांतून बी काढायचं, आणि बियांतून पुन्हा रोप. बाजारात पांढरा कांदा पुष्कळ मिळतो, पण जनीला विचाराल तर त्यातला एकही कांदा नाही. आणि कांद्याचं बी डब्यात घालून ठेवलं म्हणजे झालं असं नसतं. वर्ष उलटलं की ते उगवायचं नाव घेत नाही. एक हंगाम चुकला की सासूचा कांदा संपला.

यंदा तो चुकायची वेळ आली होती. त्या तुकड्याकडे जाणारी वाट मुंबईच्या एका शेटच्या जागेतून होती. पावसाळ्यात शेटनी कंपाउंड घातलं. जागा त्यांची, भिंत त्यांची, भांडायला तोंड नव्हतं. भिंत आणि ओहोळ यांच्यामध्ये एक बोळ तेवढा उरला. दोन म्हशी शेजारीशेजारी निघाल्या तर एकीला पाण्यात पडावं लागेल असा. मोठा ट्रॅक्टर तिथे शिरणं शक्य नाही. भागोजीचा पॉवर टिलर गेला असता, पण तो दयारामच्याच अंगणात पोट उघडून पडला होता आणि त्याचं दातेरी चाक पुण्याहून यायचं होतं. राहिले बैल. गावात बैल आहेत, पण शर्यतीचे. ते दूध पितात, अंडी खातात आणि संध्याकाळी मालिश करून घेतात. त्यांच्या खांद्यावर नांगर ठेवायचं नुसतं विचारलं तरी मालक महिनाभर बोलत नाही.

मुलगा अल्पेश बंदरात कंटेनर चालवतो. तो सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "आई, एक साल सोड ना. टेन्शन कशाला घेते? कांदा आपण मार्केटमधून आणू."

"तुझ्या आजीला मार्केटमधून आन मग," जनी म्हणाली आणि कुदळ घेऊन निघाली.

परसात रोप बोटभर झालं होतं, मग वीतभर झालं. भातानंतरची जमीन वाळून दगड होत चालली होती. जनी सकाळी उठून कुदळीने ढेकळं फोडायची आणि दुपारी कंबर धरून घरी यायची. आठवड्यात तिने खणली ती जागा फार तर लग्नातल्या एका पंगतीला पुरली असती. दयाराम रोज तिच्याबरोबर जायचा, रोज कुदळ मारायचा आणि रोज परतताना बोळात हाताने भिंतीपासून ओहोळापर्यंतची रुंदी मोजायचा. धाकली त्यातून सहज जात होती. पण बोळाच्या टोकाला काटकोनात वळण आहे आणि सरळ गेलं तर थेट ओहोळ. तिथे थांबायला हवं.

शेवटी एका संध्याकाळी त्याने विषय काढलाच. "जने, एक डाव बघूया तरी."

"तळं पुरलं न्हाय व्हय? आता ओहोळ बघायचाय?"

"तवा माझा पाय चुकला."

"पाय न्हाय चुकला. तुमी त्या मशीनला तोंडानं थांबवीत व्हता. तिला कान हायत? अवो, बैल तरी नुसता हो म्हनून थांबतो काय? कासरा वढावा लागतो."

दयाराम उठून अंगणात गेला. जनीला वाटलं, रुसला. तो रुसला नव्हता. त्याला आपल्या सबंध आयुष्यात कुणी दिलं नव्हतं इतकं चांगलं उत्तर भांडणात मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने होडीवरची एक कप्पी धाकलीच्या पोटाखाली पुढच्या बाजूला बसवली. पेडलला सुताची दुहेरी दोरी बांधली, ती पुढे नेऊन कप्पीवरून मागे आणली आणि तिची दोन टोकं स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर काढली. दोरी मागे ओढली की पेडल पुढे दाबलं जायचं. पाय चुकला तर चुकू दे. हो म्हणताना हात छातीशी येणारच, ते त्याच्या हाडांत होतं. पन्नाशी ओलांडलेल्या यंत्राला त्याने चक्क कासरा घातला.

भागोजी बघायला आला. बराच वेळ वाकून बघत होता. "दादूस," तो म्हणाला, "येसण कुठं घातलीस?"

"तुझ्यासाठी ठेवलीय," दयाराम म्हणाला.

अंगणात चाचणी झाली. हो म्हटलं, हात आले, धाकली थांबली. पुन्हा हो, पुन्हा थांबली. जनी ओसरीत तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने सगळं पाहिलं. संध्याकाळी तिने परसातलं रोप उपटून जुड्या बांधून ओल्या गोणपाटात गुंडाळायला घेतलं. उपटलेलं रोप फार थांबत नाही. म्हणजे तिने उद्याचा दिवस धरला होता.

सकाळी धाकली बोळात शिरली. एका बाजूला शेटची भिंत, दुसऱ्या बाजूला पाणी. मागून जनी डोक्यावर रोपाची पाटी घेऊन, तिच्या मागे भागोजी, आणि त्याच्या मागे ज्यांना त्या दिवशी काही काम नव्हतं ते, म्हणजे बरंचसं गाव. टोकाचं वळण आलं. दयारामच्या तोंडून "होऽ" निघालं, कोपरं मागे गेली, आणि धाकली ओहोळाच्या काठाला नाक लावून उभी राहिली. काठावरची माती तेवढी थोडी पाण्यात सांडली. दयारामने मागे वळून पाहिलं. त्याला टाळ्यांची अपेक्षा होती.

"वळवा आता," जनी म्हणाली. "रोप सुकतंय."

तुकड्यात गेल्यावर फण जमिनीत उतरले आणि ढेकळं खरोखरच फुटायला लागली. दयाराम आनंदात होता, आणि आनंदात असला की तो सरळ चालत नाही. फणांचा पहिला तास, म्हणजे चर, वाकडा गेला, दुसरा त्याहून. तिसऱ्याला बांधाचा कोपरा कापला गेला तेव्हा जनीने पाटी खाली ठेवली.

"उठा," ती म्हणाली.

"तुला जमायचं न्हाय."

"बैलामागनं मी चालले न्हाय काय? उठा म्हनते ना."

तिने पदर खोचला आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसली. उशीला मान टेकवली नाही. कासऱ्याची दोन टोकं स्टिअरिंगबरोबर मुठीत धरली आणि डोळे समोरच्या बांधावर लावले. धाकली दोरीत गेल्यासारखी सरळ गेली. बांधाशी "हो". वळण. पुन्हा सरळ. दयाराम बाजूने चालत होता, चालता चालता सूचना करत होता आणि त्यांतली एकही कुणी ऐकत नव्हतं.

अर्धा तुकडा झाल्यावर त्याला राहवलं नाही. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून तो म्हणाला, "आता तरी कबूल कर. धाकली गुनाची हाय का न्हाय?"

"हो," जनी म्हणाली.

दयारामने सगळ्या गावाकडे हात पसरले. "ऐकलात? हो म्हनाली. सगळ्यांसमोर म्हनाली."

भागोजी बांधावर बसला होता. "दादूस," तो म्हणाला, "बांध आला म्हनून हो म्हनाली ती. मशीनला म्हनाली. तुला हो कवा म्हनाली हाय का आजवर? तुला ती व्हय म्हनते."

दयारामने धाकलीकडे पाहिलं. ती थांबलेली होती. जनीने पुढचा तास धरला.

त्या दिवशी दुपारपासून बायका लावणीला वाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळं रोप जमिनीत होतं. पण त्या एका शब्दावरून पुढचे कित्येक महिने गावात दोन पक्ष पडले होते. दयाराम भेटेल त्याला सांगायचा की जनीने मान्य केलं आहे, आणि भेटेल तो विचारायचा, कुणाला, तुला की ट्रॅक्टरला? जनीला विचारलं तर ती म्हणायची, "मना काय आठवत न्हाय."

कांदा निघाला तेव्हा ऊन कडक झालं होतं. ओसरीत बसून जनी पातींसकट कांद्यांच्या वेण्या घालत होती. सासूच्या कांद्यासारखेच, चपटे, पांढरेशुभ्र. बियाणाचे कांदे तिने आधीच निवडून वेगळ्या टोपलीत ठेवले होते. त्या टोपलीकडे बघायलासुद्धा कुणाला परवानगी नव्हती. पहिली वेणी पुरी झाल्यावर ती उठली, अंगणात गेली आणि वेणी धाकलीच्या दिव्याला अडकवून आली.

दयाराम थोरलीच्या पट्ट्याशी खटपट करत होता. त्याने वेणी पाहिली. मग पाना खाली ठेवला आणि फार जपून, जणू समोर कोंबडी अंड्यांवर बसली आहे अशा आवाजात, विचारलं, "जने, पुढल्या सालाला धाकलीच न्यायची ना तुकड्यात?"

जनीने दुसऱ्या वेणीला सुरुवात केली होती. पातींना पीळ देत ती म्हणाली, "व्हय."