फवारणीच्या बादलीत धुतलेले हात

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडिलांच्या शेतमजूर संघटनेची, गठ्ठ्यांनी. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर, म्हणून असेल, पण पुरावा हाती यायच्या आधीच मथळा सुचायची खोड मला लागली. त्या खोडीपायी एका माणसाचं आठ दिवसांचं काम गेलं.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी फवारणी करणाऱ्यांचं रक्त तपासत होते. रक्तात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. काही कीटकनाशकं अंगात गेली की ते मंदावतं. नमुन्यात रसायनं घातली की पिवळा रंग येतो. विकर जोमात असेल तर गडद, मंदावलं असेल तर फिकट. तो रंग कलरीमीटरवर मोजायचा.

शिरपूरच्या बाजूच्या एका सोयाबीनच्या शेतात मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बोटं टोचली. फवारणाऱ्या काकांची भाकरी घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "आमचं रगत काय पानी हाय? आमचंबी घे." त्यांचंही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या नळ्या फिकट निघाल्या. खरं सांगते, मला आनंद झाला. माझे मार्गदर्शक सर परीक्षेच्या कामात होते. त्यांना न दाखवताच मी संघटनेच्या पत्रकाचा मथळा लिहिला आणि काकांना फोन करून सांगितलं, पंप खांद्याला लावू नका. काका घरी बसले. त्यांच्या जागी मालकाने दुसरा माणूस लावला.

आठ दिवसांनी सरांनी वही पाहिली. एका आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "ही बाई किती वर्षं फवारते?"

"फवारत नाही."

सरांनी वही माझ्यापुढे सरकवली; काकूंचा आकडा फवारणाऱ्यांइतकाच खाली होता. मी बाहेर येऊन काकूंना फोन लावला. टोचण्याआधी हात कुठे धुतले होते?

"कुठं म्हंजे? दवाई कालवतो त्याच बकेटीत. धुऱ्यावर दुसरं पानी कुठं हाय?"

म्हणजे विष बोटाच्या कातडीवर होतं आणि थेंबात उतरलं होतं. रक्तात किती होतं, ते त्या नळ्यांनी सांगितलंच नव्हतं.

साबण आणि स्वच्छ पाण्याची कॅन घेऊन मी काकांच्या घरी गेले. सगळं सांगितलं.

"म्हंजे मले काई झालंच नोयतं?"

"माहीत नाही, काका. आज तपासलं तरी मधे आठ दिवस तुम्ही फवारलं नाही. त्या दिवशीचं आता कळणार नाही."

"येवढी मशीन," काकू म्हणाल्या, "अन् बकेटीपाशी अडली!"

काकांनी तीनदा साबण लावला. "लग्नातबी येवढे धुतले नोयते," म्हणाले आणि बोट पुढे केलं.

या वेळचा रंग ना गडद ना फिकट. सर म्हणाले, डॉक्टरांना दाखवायला सांग, महिन्याने पुन्हा घेऊ. मी तसंच फोनवर सांगितलं. काकांनी एकच विचारलं, "मग उद्या जाऊ का नको?" नका जाऊ, असं ठामपणे सांगायला आता मला तोंड नव्हतं. जाल तर कॅनमधल्या पाण्यानेच हात धुवा, एवढंच मी म्हणाले. दुसऱ्या माणसाला परत पाठवायला मालक तयार झाला होता. काका गेले.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "पोरी, कॅन हाय शेतात. पन बकेटीतलं पानी कमी पडलं, त् यायनं कॅनचंच पंपात टाकलं."

मी पत्रकाचा कागद पिशवीतून काढून ठेवला आणि दोन कॅन भरून बसस्टँडवर गेले.