मास्तरांची ओळ आणि बाईंचं मशीन

मास्तर कविता कधी कागदावर करत नसत. सुचली की थेट बायकोच्या शिलाई मशीनपाशी यायचे आणि म्हणायला लागायचे. बाई शिवता शिवता ऐकायच्या. ओळ नीट बसली की मशीन चालू. कुठे खटकली की त्यांचा पाय आपोआप थांबायचा. मास्तर चरफडायचे, "अगं, निदान पूर्ण तरी ऐक!" पण ओळ बदलायचे.

असल्या माणसाने राजकारणात कशाला पडायचं, सांगा! पण गिरणीच्या मोर्चात त्यांची गाणी गाजली, लोकांनी निवडणुकीला उभं केलं आणि शाळेतला भूगोल सोडून मास्तर दोनदा आमदार झाले. भाषणात ते मशीनची गोष्ट हमखास सांगायचे. लोक पोट धरून हसायचे, बाई लाजून चूर व्हायच्या. मग त्यांच्याच पक्षाने विरोधात बोलणाऱ्यांना तुरुंगात टाकायला सुरुवात केली. मास्तरांनी राजीनामा दिला. तेव्हापासून दार वाजलं की बाई आधी खिडकीतून वाकून बघायच्या.

थोड्याच दिवसांत एक निनावी कविता भिंतीभिंतीवर दिसू लागली. चौकातला न्हावी ती गुणगुणला, म्हणून त्याला उचलून नेलं. तो परत आलाच नाही. कविता कुणाची, हे दोनच माणसांना ठाऊक होतं.

एका दुपारी पोलिसांचा साहेब आला. एकटाच, आणि मेला बोलायला अगदी गोड. "वहिनी, तुमचं काम चालू द्या," म्हणाला. बाईंना बरंच वाटलं. शिवत राहिलं की बोलावं लागणार नाही. त्यांनी उशीचा अभ्रा पुढे ओढला.

साहेबाने खिशातून कागद काढला. "मास्तर, तुम्ही जाणकार. ही भिंतीवरची कविता कशी वाटते सांगा." तो वाचू लागला.

"कुलपांच्या या गावात
किल्ली कुणाकडे नाही..."

मशीन चालत होतं. बाईंची नजर नवऱ्यावर खिळलेली. हा बाबा आता काहीतरी बोलून बसणार! देवा, याला गप्प ठेव रे! पण मास्तर मान खाली घालून मुकाट बसले होते.

"दार वाजते बाहेरून..."

खोलीत एकदम शांतता झाली. शांतता कसली, हे बाईंना क्षणभर कळेचना. मग त्यांनी खाली पाहिलं. पाय थांबला होता.

"काय झालं, वहिनी?"

"दोरा... दोरा तुटला."

साहेबाने वाकून पाहिलं. दोरा सुईत धड होता. "कॉलेजात असताना मास्तरांचं एकही भाषण चुकवलं नाही मी," तो हळूच म्हणाला. "मशीनची गोष्ट खरी निघाली."

बाईंनी पॅडल दाबायचा प्रयत्न केला. पाय हलेना.

मास्तर उठले. चपला घातल्या. जाता जाता बायकोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रडू नकोस गं. 'आतून' आहे ते. तू बरोबर थांबलीस."

आणि साहेबाच्या पुढे ते जिना उतरून गेले.