मोशी-चिंबळीनंतरचा श्वास

भोसरीच्या चौकात चाकणला जाणाऱ्या जीपा भरण्यासाठी तो ओरडायचा. माणूस चांगलाच गोल. आवाज रांजणातून यावा तसा घुमायचा, पण श्वास काही पुरत नसे. "मोशीऽ, चिंबळीऽ" एवढं झालं की तो छातीवर हात ठेवून थांबायचा, धापा टाकायचा आणि मग "कुरुळीऽ, चाकणऽ" म्हणायचा. तेवढ्यात मोशीवाले जीप भरून टाकायचे. माझी कंपनी कुरुळीला. त्या एका श्वासापायी माझी किती वेळा जीप हुकली, देव जाणे. मी त्याला नाही, त्याच्या वडापावांना शिव्या द्यायचो.

पुढे डॉक्टरांनी तंबी दिली म्हणून त्याने वजन उतरवलं. आता चारही गावं एका दमात म्हणतो, पण आवाज असा पातळ झालाय की दोनदा ओरडल्याशिवाय कोणी मान वळवत नाही.

"भाऊ, कुरुळीकरांचं भलं केलंत," मी परवा चिडवलं.

तो हसला. "तुमचं झालं हो. गावाकडं फोन लावला तर माय इचारती, 'कोन बोलायलंय?'"

"मग?"

त्याने समोरच्या इमारतीच्या जिन्याकडे बोट केलं. "आता तिथं तीन मजले चढतो, मगच फोन लावतो. मी बोलायच्या आधी नुसती धाप ऐकली की म्हनती, 'बोल बाळा, जेवलास का?'"