विष्णूच्या पाठीवरचा डाग

मित्रहो, आज दिवाळीची पहिली अंघोळ. आमचा विष्णू मुंबईच्या कॉलेजातून कालच जव्हारला आला. सकाळी त्याची आई पाठीला तेल लावायला गेली आणि थबकली. खांद्याखाली बोराएवढा भाजल्याचा डाग होता.

तिने मला हाक मारली. मी विचारलं, "हे काय रे?"

"मंडळाची खूण आहे, बाबा. आत घेताना सगळ्यांना देतात. ओरडायचं नाही, हीच परीक्षा."

मोठ्या मुलांनी आपल्या मंडळात घेतल्याचं त्याने पावसाळ्यात कळवलं होतं. तो एकटा पडणार नाही म्हणून मी खूश झालो. आत कसं घेतात, हे विचारलंच नाही.

"तू ओरडलास?"

"नाही. सदू ओरडला."

सदू मोखाड्याचा. यंदा त्याला मुंबईला धाडायला त्याचे वडील कचरत होते. "आमचा विष्णू आहे ना तिथे," असं मीच त्यांना म्हणालो. मी संस्थानच्या शाळेतला मास्तर, म्हणून त्यांनी माझा शब्द मानला.

"सदूला कोणी धरलं होतं?"

विष्णू खाली बघत म्हणाला, "मी."

त्याच्या आईने उरलेलं तेल लावलं, पाणी घातलं. आम्ही फराळाला बसलो. मला चव लागली नाही. रागही आला नाही.

उद्या मोखाड्याला जायला बैलगाडी सांगितली आहे. तुमचा मुलगा अशा मंडळात असेल, तर त्याने काय सोसलं ते विचाराच, पण काय केलं तेही विचारा. आणि सदूच्या वडिलांपुढे पहिलं वाक्य कोणतं बोलू, हे कोणाला सुचत असेल तर मला सांगा.