शेवटचा फर्मा

ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला पुस्तकं दुरुस्त करायची एक लांबट खोली होती. त्या खोलीत त्याने एकतीस वर्षं पुस्तकं शिवली. त्याचा धाकटा भाऊही तिथेच पुठ्ठे कापायला लागला. तो येता-जाता 'दादा, दादा' करायचा, म्हणून सगळी खोली थोरल्याला दादा म्हणू लागली. वरच्या मजल्यावरचे साहेबसुद्धा.

दादाचं वाचन फर्म्याफर्म्याने झालेलं. फर्मा म्हणजे सोळा पानांचा जुडगा. असे पंधरा-वीस फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक उभं राहतं. सुई घालता घालता डोळ्यांखालून जाईल तेवढं तो वाचायचा. पण कुठली कादंबरी लोक कुठे वाचतात, हे त्याला न वाचताही कळे. कागदाचा मळ सांगायचा. दुःखाची पानं बहुधा स्वच्छ. तिथून माणसं भराभर पुढे सटकतात. सुडाची पानं कोपऱ्यात काळी आणि घामाने मऊ पडलेली. सूड उगवून झाल्यावर जी चार पानं उरतात, ती पुन्हा कोरी करकरीत.

"लोकांना मारामारी हवी," लंबू म्हणायचा. "रडायला घरची माणसं आहेत की!"

लंबू मोठं कटिंग मशीन चालवायचा आणि आलेला माल रचायचा. दादाचा जिवाभावाचा दोस्त. दोघांची टेबलं शेजारी, डबे एकत्र.

पुठ्ठ्याचे गठ्ठे आले की ते भिंतीशी रचायचे. एक थर उभा, त्यावर एक आडवा. असं रचायला दुप्पट वेळ लागतो, पण थप्पी जागची हलत नाही. त्या दिवशी सगळे थर उभेच लागले. जेवणाच्या सुट्टीत धाकटा त्या थप्पीला पाठ लावून खाली बसला होता. मांडीवर कादंबरी होती, दुरुस्तीला आलेली. एका नावाड्याच्या भावाला कुणीतरी बुडवतं आणि नावाडी वीस वर्षं त्या माणसाचा माग काढतो, अशी ती गोष्ट. थप्पी सरकली. एक गठ्ठा उचलायला दोन माणसं लागतात. असे चौदा गठ्ठे होते.

कादंबरीत कुणी मेलं की नवं प्रकरण सुरू होतं आणि चार वर्षं निघून गेलेली असतात. दादाची चार वर्षं एकेका दिवसाने गेली. धाकट्याचा डबा त्याने घरी आणला, स्वतः घासला. पुढे कामावर रुजू व्हायच्या दिवशी बायकोने सवयीने दोन डबे भरले. दोघं नवराबायको त्या दुसऱ्या डब्याकडे बघत उभी राहिली. डबा उघडायचा कुणी, हेच ठरेना. असलं काही त्याने कुठल्या कादंबरीत वाचलं नव्हतं.

सूड मात्र त्याने कादंबरीतूनच उचलला. घाई करायची नाही, हा तिथला धडा. चौकशी झाली तेव्हा लंबू म्हणाला, "थप्पी मी लावली. चूक माझी." त्याची बढती गेली आणि तो परत कामावर आला. दादाने त्याच्याशी बोलणं टाकलं.

एकोणीस वर्षं. निवृत्तीपर्यंत टेबलं शेजारीच राहिली. कात्री हवी असली तरी दादा साहेबांकडे जायचा, "त्यांना विचारा, कात्री मोकळी झाली का." लंबू रोज सकाळी दादाची सुरी दगडावर घासून, धार लावून त्याच्या टेबलावर ठेवायचा. दादा ती उचलायचा आणि लंबूच्या देखत पुन्हा पहिल्यापासून घासायचा. धारेत काही खोट नसायची. लंबू हाताचा चोख होता.

"अहो, किती वर्षं हे?" बायको म्हणायची. "शेजारी बसता आणि मेल्यासारखं वागवता त्याला. तुमचा हा हट्ट त्याच्यापेक्षा तुम्हालाच जास्त पोखरतोय."

"तू यात पडू नकोस."

बायकोला सगळं ठाऊक नव्हतं. कादंबरीतल्या सूड घेणाऱ्याने काही केलेलं नसतं. तो धुतल्या तांदळासारखा असतो, म्हणून त्याचा हात नेमका चालतो. त्या सकाळी लंबू दुसरा थर आडवा लावायला लागला, तेव्हा दादाच टेबलावरून ओरडला होता, "अरे लंब्या, राजवाडा बांधतोस काय? सगळी उभीच लाव रे! सरस थिजतोय इकडे. आटप!" खोलीत तेव्हा दोघंच होते. चौकशीत लंबूने हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादाला भांडता तरी आलं असतं. लंबूने तीही सोय ठेवली नाही.

दोघंही निवृत्त झाले. दादाने घरात खिडकीपाशी टेबल टाकलं आणि ओळखीच्यांची पुस्तकं शिवू लागला. एका सकाळी दारात एक बाई उभी राहिली.

"काका, ओळखलंत का? मी तुमच्या लंबूची मुलगी."

बायकोनेच तिला आत घेतलं, पाणी दिलं.

"बाबा अंथरुणाला खिळलेत," ती म्हणाली. "डोळ्यांनीही दिसत नाही आता. मी रोज थोडं वाचून दाखवते. पण हे पुस्तक हातात घेतलं की पानं गळतात. बाबा म्हणाले, दादाकडेच दे."

"गावात बाइंडर मेले काय सगळे?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, बाकीचे चिकटवतात, दादा शिवतो."

तिने पिशवीतून पुस्तक काढलं. नावाड्याची कादंबरी. सातव्या फर्म्यात एक पान कोपऱ्यात दुमडलेलं होतं. धाकट्याची खोड ती, दादा त्यावरून त्याला शिव्या घालायचा. गठ्ठ्यांखालून हे पुस्तक लंबूने उचललं असणार आणि एकोणीस वर्षं घरात ठेवलं असणार.

दादाने चार दिवस घेतले. फाटक्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या, दोऱ्याला मेण चोळलं, नवा पुठ्ठा आणि नवं कापड चढवलं. काम असं केलं की कुणी बोट ठेवू नये. फर्मे अठरा होते. त्याने सतरा शिवले. नावाडी त्या माणसाला गाठतो तो अठरावा फर्मा त्याने टेबलाच्या खणात टाकला. पडून राहा आंधळा, शेवट न कळता. एवढाच तो सूड.

मुलगी पुस्तक घेऊन गेली आणि त्याच संध्याकाळी दादाला जेवण जाईना. हलकं काम झालं, असं त्याला वाटलं. हिणकस काम. उद्या जाऊन देऊन येऊ, त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी सर्दी झाली. त्यानंतर एकदा चपला घालून कोपऱ्यापर्यंत गेला आणि सुतळी आणायची होती असं स्वतःलाच सांगून सुतळी घेऊन परत आला. कादंबरीतला माणूस शत्रूला गाठायला देश पालथे घालतो. लंबूचं घर दोन गल्ल्यांवर होतं. तिथे पोचायला दादाला तीन आठवडे लागले.

दार उघडंच होतं. खाट भिंतीला टेकवून उभी केलेली. गादी बाहेर कठड्यावर उन्हात घातलेली. मुलगी फडताळ आवरत होती. दादाला सगळं कळलं, तरी त्याने विचारलं, "कधी?"

"चार दिवस झाले."

"मला कळवलं नाहीस ते?"

"बाबांनी बजावलं होतं. त्याला बोलावू नकोस, तो आपणहून येईल." तिने स्टूल पुढे सरकवलं. "पुस्तक आणलं तेव्हा त्यांनी हातात घेऊन पाठीवरून अंगठा फिरवला. लगेच म्हणाले, एक फर्मा कमी आहे. मी म्हटलं, राहिला असेल चुकून. तर हसायला लागले. म्हणाले, दादाच्या हातून फर्मा राहत नाही गं, त्याने ठेवून घेतलाय. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बोलला बघ माझ्याशी."

दादा स्टुलावर बसला.

"रोज दार वाजलं की विचारायचे, दादा का? सतरावा फर्मा वाचून संपला, तेव्हा म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून लाव, तोवर येईल तो. दुसऱ्यांदा निम्म्यापर्यंत आलो होतो आम्ही."

"मीच त्याला आटप म्हटलं होतं," दादा म्हणाला.

"कधी?"

त्याने सगळं सांगितलं. सरस, थर, राजवाडा, चौकशी. मध्ये थांबला नाही. ती फडक्याची घडी घालत ऐकत होती. घडी घालून झाली, तरी पुन्हा मोडून घालत होती.

"बाबा हे कधी बोलले नाहीत," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे. ते मी बोलायला हवं होतं."

मग त्याने पिशवीतून फर्मा काढला. सुई, दोरा, मेण, सुरी, सरसाची डबी.

"राहू दे ना काका. आता कशाला?"

"काम अर्धवट आहे."

सुरी बोथट होती. बरेच दिवस तिला कुणी धार लावली नव्हती. त्याने मागचा पुठ्ठा सोडवला, पाठीचं कापड सोलून मागे सारलं, सतराव्या फर्म्याची गाठ शोधून तिथून नवा दोरा घेतला. शिवलेल्या पुस्तकात मागाहून फर्मा घालणं जिकिरीचं. घाई केली की दोरा कागद कापतो. त्याने दुपारभर वेळ घेतला. मधूनच ती त्याला पाणी देऊन गेली.

पुठ्ठा चिकटवून त्याने पुस्तक हाताखाली दाबून धरलं. ती समोर येऊन बसली.

"वाचून दाखवाल? मला तरी कुठे ठाऊक आहे शेवट."

दादाने वाचलं. त्याला सवय नव्हती, अडखळत वाचलं. नावाडी त्या माणसाला गाठतो, दोन पानं त्याच्याशी बोलतो आणि मारतो. ती पानं काळी, मऊ होती. पुढची चार कोरी. हे पुस्तक त्याने तीनदा हाताळलं होतं, पण ती चार पानं वाचली नव्हती. नावाडी परत येतो. होडी बांधतो. पैलतीरावरून कुणी हाक मारेल म्हणून काठावर बसून राहतो. दिवस मावळतो. कुणी हाक मारत नाही.

दादा थांबला. अंगठ्याला सरस होता, कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात त्याचा डाग पडला होता.

"संपलं?" तिने विचारलं.

"नाही. अजून दोन पानं आहेत," तो म्हणाला आणि त्याने पान उलटलं.