पाण्याच्या मोटारीचा परिच्छेद

निबंध तपासण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आणि त्यातला मोठा भाग सपशेल वाया गेला. औरंगाबादच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवत असे. गठ्ठा पिशवीत घालून गारखेड्याच्या घरी आणायचा, जेवण उरकलं की लाल पेन घेऊन बसायचं, आणि तोच निबंध पुन्हा पुन्हा वाचायचा. आठवणींवरच्या निबंधात आजोबा मरत. एका वर्षी तर अख्ख्या वर्गाच्या आजोबांनी एकाच झाडाखाली, एकाच वाक्यात प्राण सोडला. बसस्टँडसमोर मिळणाऱ्या गाइडात ते वाक्य होतं. मुलं ते उतरवून काढत आणि शेवटी ‘त्या दिवसापासून मी मोठ्यांचा आदर करू लागलो’ असं लिहून मोकळी होत. तसं लिहिणारा मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्यासमोर पाय पसरून बसलेला असे.

साहित्यावरच्या निबंधांची तऱ्हा आणखी वेगळी. न वाचलेलं पुस्तक ‘मला आवडलेलं पुस्तक’ म्हणून यायचं. ‘या कादंबरीतील सर्व पात्रे आपापल्या जागी योग्य आहेत’ असं एकानं लिहिलं होतं, जणू लग्नाच्या पंगतीत त्यानंच त्यांना पाटावर बसवलं होतं. आणि सार्वजनिक आरोग्य हा विषय दिला की सगळ्यांना एकदम देशाची काळजी लागायची. ‘आपण सर्वांनी मिळून परिसर स्वच्छ ठेवू या’ हे वाक्य लिहून होताच परीक्षेच्या हॉलच्या खिडकीतून गुटख्याची पिचकारी टाकणारा मुलगा मी स्वतः पाहिला आहे. मी त्याला बोलले तर म्हणाला, ‘मॅडम, पेपर तर चांगला लिहिलाय ना?’

पण मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यांना तसंच शिकवलं जात होतं. आमचे विभागप्रमुख निबंध वाचत नसत, त्यात सुविचार शोधत. सुविचार सापडला की खाली रेघ आणि बाजूला गुण. कवितेच्या दोन ओळी असतील तर आणखी गुण. प्रस्तावना आहे का, समारोप आहे का, एवढं पाहिलं की सरांची तपासणी संपली. मधल्या भागात एखाद्यानं धोब्याचा हिशेब लिहिला असता तरी सरांना पत्ता लागला नसता. स्टाफरूममध्ये मात्र ते ‘आजच्या पिढीचं वाचन’ या विषयावर चहा संपेपर्यंत बोलत.

स्नेहसंमेलनाच्या आधी आमच्याकडे निबंधस्पर्धा होई. विषय तेच तीन: एक साहित्याचा, एक सार्वजनिक आरोग्याचा, एक आठवणींचा. ज्याचा पहिला नंबर येई त्यानं संमेलनाच्या संध्याकाळी तो निबंध माईकवरून वाचायचा, अशी पद्धत होती. पालकांना आमंत्रणं जात. परीक्षक तिघं: विभागप्रमुख सर, बाहेरून बोलावलेले एक डॉक्टर आणि मी.

त्या वर्षी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीचा निबंध माझ्या हाती आला. ती जुन्या शहरातल्या एका गल्लीत राहायची. घरी दखनी बोलत, शाळा मराठीतून झालेली. वडिलांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. नव्या मोटारी विकायच्या, जळालेल्या पुन्हा बांधून द्यायच्या. वर्गात ती कधी तोंड उघडायची नाही. तिनं आरोग्याचा विषय घेतला होता आणि पहिलंच वाक्य असं होतं: ‘आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं तेव्हा पाण्याच्या आधी मोटारींचा आवाज येतो.’

मी उठून चष्मा पुसला. मग शेवटपर्यंत एका दमात वाचला.

तिच्या गल्लीत नळाला रोज पाणी नव्हतं, आणि यायचं तेव्हा बारीक धार. म्हणून प्रत्येक घरानं नळालाच छोटी मोटार जोडली होती. मोटार चालू केली की स्वतःचं पाणी ओढायचं आणि शेजारच्याचंही. पाइप जुने, गटारीच्या कडेनं गेलेले. जिथं सांधा ढिला तिथून मोटार गटारही ओढून आणायची. उन्हाळ्यात गल्लीत कावीळ आली. तिची भाभी गरोदर होती. ती त्या काविळीत गेली. ‘भाभीला ते पाणी आम्हीच पाजलं,’ असं तिनं लिहिलं होतं, ‘आणि मोटार आमच्याच दुकानातली होती.’ सुविचार नव्हता. समारोप नव्हता. शेवटच्या ओळीत एवढंच होतं की अब्बांनी आमच्या घरची मोटार काढली, म्हणून आता आमच्या नळाला पाणीच येत नाही, आणि बाकीच्यांच्या मोटारी चालू आहेत.

मी तिला बोलावलं. आधी मास्तरकीच्या सवयीनं विचारलं, ‘कुणी लिहून दिलं?’

‘हे कोण लिहून देईल, मॅडम?’ ती म्हणाली.

मग खुर्चीच्या कडेवर बसून तिनं सांगितलं की तिची मोठी बहीण दौलताबादला दिली आहे, तिला दिवस गेले आहेत, पहिलंच बाळंतपण आहे, म्हणजे माहेरी आणायला हवं. घरात पाळणाही काढून ठेवला होता. पण गल्लीत मोटारी चालू आहेत तोवर आपाला, म्हणजे या बहिणीला, इथं आणायचं नाही, असं वडिलांनी ठरवलं होतं. घरोघर जाऊन त्यांनी सांगून पाहिलं. लोक हसले. म्हणाले, जन्मभर आम्हाला मोटारी विकल्या आणि आता सांगतोय काढा.

‘अब्बांचं कुणी ऐकत नाही. माझं तर कोण ऐकणार?’ ती म्हणाली. ‘पण कॉलेजच्या माईकवरून वाचलं तर ऐकतील. पहिला नंबर आला तर अब्बा सगळ्या गल्लीला घेऊन येणार आहेत.’

नंबर येणार याची मला खात्री होती. गठ्ठ्यातल्या बाकी निबंधांतले आजोबा केव्हाच मेलेले होते.

परीक्षकांची बैठक प्राचार्यांच्या खोलीशेजारी झाली. डॉक्टरांनी समोसा खात निबंध वाचला आणि म्हणाले, ‘छान आहे. पहिला नंबर द्यायला हरकत नाही. पण सूर जरा निगेटिव्ह वाटतो.’ सरांनी मान डोलावली. निगेटिव्ह हा शब्द त्यांना सुविचाराइतकाच प्रिय होता. संमेलनात मृत्यू बरा दिसत नाही, ते म्हणाले. पाहुणे येतात, लोक आनंदासाठी येतात. आणि मुलीनं भर सभेत स्वतःच्या बापाच्या धंद्यावर बोट ठेवायचं, हे काही संस्कारात बसत नाही.

मी म्हटलं, बापच ऐकायला येतोय. गल्लीला घेऊन येतोय. त्याच्या दुसऱ्या मुलीचं बाळंतपण त्यावर अडलंय.

सर माझ्याकडे पाहून हसले. कीव आली की ते असे हसत. ‘मॅडम, तुम्ही फार भाबड्या आहात. त्यांच्या घरांत काय चालतं ते आपल्याला माहीत नाही का? उद्या तिला शिक्षण सोडून घरी बसवतील. आपण तिच्या भल्याचंच बघतोय.’

सर त्या गल्लीत आयुष्यात पाऊल ठेवायला गेले नव्हते. त्या माणसाशी चकार शब्द बोलले नव्हते. तरी त्याच्या घरात काय चालतं ते त्यांना पाठ होतं, मुलांना आजोबा पाठ असत तसं. मी हे त्यांना तोंडावर बोलले. डॉक्टरांनी चटणी मागितली. नंबर तिचाच, पण निबंध बदलून, असा निर्णय दोघांच्या मतानं झाला. मी सही केली नाही. त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

आता निबंध ‘सुधारणं’ आलं. आमच्याकडे तीही रीतच होती. विजेत्या निबंधावरून सरांचा हात फिरल्याशिवाय तो माईकपर्यंत जात नसे. त्यांनी मोटारीचा परिच्छेद संपूर्ण काढला. त्याच्या जागी डॉक्टरांच्या सांगण्यावरून जेवणाआधी हात धुण्याचा परिच्छेद आला. भाभीची ‘शेजारची एक महिला’ झाली, आणि ती वेळेवर उपचार मिळाल्यानं खडखडीत बरी झाली. शेवटी दोन ओळींची कविता, सरांची स्वतःची. मी तो कागद वाचला तेव्हा मला इतकी शिसारी आली की मी तो टेबलावर पालथा ठेवला.

मुलीला मी स्पष्ट सांगितलं, ‘तू वर गेलीस की तुझाच निबंध वाच. खाली कोण काय म्हणतं ते मी बघते.’

ती म्हणाली, ‘सर म्हणाले, दुसरं काही वाचलं तर तिथंच थांबवतील आणि नंबर दुसऱ्याला देतील. अब्बांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय.’

संमेलनाच्या संध्याकाळी तिचे वडील आले. धिप्पाड माणूस, कडक इस्त्रीचा पठाणी, अत्तराचा वास दोन रांगांपर्यंत. मागे गल्लीतली माणसं, बुरख्यातल्या बायका, कडेवर पोरं. त्यांनी डावीकडच्या चार-पाच रांगा भरून टाकल्या. ‘गप बसा रे, आता आपल्या पोरीचं हाय,’ असं ते मागे वळून वळून सांगत होते.

ती स्टेजवर आली. सर माईकच्या शेजारीच उभे राहिले, कागदावर डोळा ठेवून. तिनं पहिलं वाक्य वाचलं. ते बदललं नव्हतं; मोटारींचा आवाज सरांना ‘चित्रदर्शी’ वाटला होता. डाव्या बाजूच्या रांगा एकदम सरसावून बसल्या. मग ती थांबली. तिनं सरांकडे पाहिलं. सरांनी बोटानं पुढची ओळ दाखवली. आणि तिनं हात धुण्याचं वाचायला सुरुवात केली. शेजारची महिला बरी झाली तेव्हा मुलीचा भाऊ, ज्याची बायको गेली होती, तो उठून मांडवाबाहेर निघून गेला. कविता आली, टाळ्या पडल्या. सगळ्यांत जास्त टाळ्या गल्लीच्या रांगांतून पडल्या. त्यांना काय ठाऊक, काय ऐकायला आणलं होतं ते.

पाठोपाठ सिनेमाच्या गाण्यावरचा नाच सुरू झाला. तिचे वडील खुर्च्यांमधून वाट काढत आमच्याकडे आले. सरांनी हात पुढे केला. ‘अभिनंदन. मुलीनं कॉलेजचं नाव काढलं.’

त्यांनी हात हातात घेतला आणि सोडला नाही. ‘सर, आमची बहू मेली. तुमी जिती केली. ते तुमचं कौतुक. पर मोटारीचं कुठं गेलं? घरी तिनं मला वाचून दाखवलं व्हतं. रात रात बसून लिहिलं व्हतं पोरीनं.’

सर म्हणाले, ‘तुमच्या भावनांचा विचार करून...’

‘माझ्या?’ ते म्हणाले. ‘माझ्या भावनाला काय झालं? म्या लोकांची दुकानं बंद करायला लावून त्यांना हितं आणलं. मोटार गल्लीतून काढायची व्हती, सर. तुमी कागदातून काढली.’

सरांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ असं काहीतरी पुटपुटत हात सोडवून घेतला आणि पाहुण्यांकडे पळ काढला. मुख्य म्हणजे त्यांना खरंच कळलं नव्हतं. जाता जाता मला म्हणाले, ‘बघा, केवढा उद्धट माणूस.’ वीस-बावीस वर्षं साहित्य शिकवलेल्या माणसाला समोरचा काय बोलतो ते कळू नये, याचा मला आजही संताप येतो. गल्लीतल्या बायका मुलीभोवती जमल्या होत्या. त्यांतली एक तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, ‘हात धुवायचं लई चांगलं सांगितलंस, बेटा.’

मोटारी चालूच राहिल्या. वडिलांनी शब्द पाळला, आपाला आणलं नाही. पहिलं बाळंतपण सासरी झालं. नातेवाइकांत बोभाटा झाला की एवढं दुकान चालतं आणि खर्चाला भिऊन लेकीला माहेरी आणली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती मुलगी मला भेटायला आली. आपाला मुलगा झाला, दोघं बरी आहेत, असं तिनं सांगितलं. मला बरं वाटलं, तसं मी म्हटलंही. ती म्हणाली, ‘आपा अब्बांशी बोलत नाही. फोनवरसुद्धा नाही.’

कॉलेजचा वार्षिकांक निघाला होता. सरांनी तिचा तो सुधारलेला निबंध ‘आदर्श निबंध’ म्हणून तिच्या नावानं छापला होता. आपाच्या नणंदेनं तो अंक दौलताबादला नेला. आपानं तो वाचला.

‘ती म्हणते, अब्बांनी मोटारीचा बहाणा केला,’ मुलगी म्हणाली. ‘म्हणते, तू तर पाण्यावरच लिहिलंयस, आणि तुझ्या निबंधात मोटारींचा नुसता आवाज आहे, त्यांनी पाणी खराब होतं असं कुठंच नाही.’