आबांची टोपी आणि भूतानचा मठ

ज्या देशात मी पाऊलही ठेवलेलं नाही, तिथं कसं जावं हे सांगायला बसलोय, म्हणून आधी माफी मागतो. पण घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुठलाही फॉर्म, कुठलंही तिकीट शेवटी माझ्याकडेच येतं. आई-आबांचा भूतानचा प्रवासही तसाच आला.

आई अंगणवाडीत मदतनीस आहे. तिथल्या जुन्या कॅलेंडरवर कड्याला चिकटलेला एक मठ होता. तो तिला एकदा आतून बघायचा होता. मी इथं सिंगापुरात, वुडलँड्सच्या खोलीत बसून, वाचून, चार जणांना विचारून तिच्यासाठी सूचना लिहिल्या. आधार कार्ड चालत नाही, मतदानाचं ओळखपत्र घ्या. (पहिल्या यादीत मी आधारच लिहिलं होतं. वेळेत लक्षात आलं.) मठाची चढण मोठी आहे, सकाळी लवकर निघा. आत बूट काढावे लागतात, जाड मोजे ठेवा. तिथं मिरचीचीच भाजी करतात, ठेचा न्यायची गरज नाही.

"ते मी बघीन," आई म्हणाली.

शेवटची सूचना होती : मठात शिरताना डोक्यावर काही नको.

तिथंच अडलं. आबांची टोपी फक्त झोपताना उतरते. देवळात तर नाहीच नाही.

"देवापुढं बोडक्या डोक्यानं जाऊ व्हय? मी भाईर बसतो, तू जाऊन ये," आबा आईला म्हणाले.

"एवढं चढून एकटी जाऊ? मग मीबी न्हाई जात."

आईची इतक्या वर्षांची इच्छा दारातूनच परत फिरणार, असं वाटायला लागलं.

ते दोघं मठ चढणार होते, त्या दिवशी वन-नॉर्थच्या ऑफिसात काम सुचेना. मठाच्या दारात फोन जमा करावा लागतो, हे मीच लिहिलेलं, तरी दर पाच मिनिटांनी फोन बघत होतो. सिंगापूर भूतानच्या दोन तास पुढं, हे विसरून उगाच घाबरतही होतो.

संध्याकाळी बुओना व्हिस्टा स्टेशनवर एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलताना आईचा आवाजातला निरोप आला. फोन कानाला लावला, तर आधी नुसतं हसणं.

"आरं, गेलो आत दोघंबी! ह्यांनी दारात आपणच टोपी काढली. म्हणाले, त्यांच्या देवाची रीत त्यांच्या घरी. आन् आत मला दिसायचं सोडून हेच पुढं पुढं! शेवटी म्हटलं, आवो, जरा सरका की, मलाबी बघू द्या!"